पेढी, ठेवी आणि पाच लाखांची मर्यादा

२३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले; ठेवीदारास प्रारंभी अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव-विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. मात्र ती मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदारासाठी आहे. ठाणे व डोंबिवली शाखांतील रकमा एकत्रच मोजल्या जातात. एकल मालकीच्या दुकानाचे चालू खातेही मालकाच्या बचतीत मिळवले जाते. भागीदारी पेढी स्वतंत्र धरतात. पतसंस्थांच्या ठेवींना हे कवच नाही.

परिग्रह-परिमाण व्रत संग्रहास मर्यादा घालते; एकाच बँकेवरील भिस्तीलाही ती असावी. दिवाळीच्या वहीपूजनाआधी घरातील साऱ्या ठेवी बँकनिहाय एका कागदावर मांडून पाहाव्यात.