मोडीचं सोनं
(लेखमाला : घरातला पैसा, भाग ९)

मागच्या भागात घरातल्या दागिन्यांची यादी करायला सांगितलं होतं. तिच्यात जोडीतलं एकच उरलेलं कुडं, फासा तुटलेली साखळी, लग्नानंतर बोटात न घातलेली अंगठी निघाली असेल. ते विकून चार पैसे उभे करण्यात काही गैर नाही.

आपल्याकडे दागिना ‘मोडतात’. शब्द जिवाला लागतो, पण व्यवहार नेमका सांगतो. सराफ दागिना घेत नाही, त्यातलं सोनं घेतो. घडणावळ आणि खरेदीच्या वेळी भरलेला ३ टक्के जीएसटी गेला तो गेलाच.

आईची बोरमाळ मोडायला नेली तेव्हा काट्यावर १८.५ ग्रॅम भरली. आम्ही मनातल्या मनात भावाने गुणूनही टाकलं. पण बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. दोरा काढून, लाख जाळून, मुशीत आटवल्यावर लगड उरली १२.२ ग्रॅमची आणि तपासणीत कस निघाला ८३ टक्के. जुन्या दागिन्यांत सांध्यांना लावलेल्या डाकामुळे कस उतरतो. इथवर सगळं रास्त होतं.

१२.२ ग्रॅमचे ८३ टक्के म्हणजे १०.१२६ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला भाव २४ कॅरेटचाच लागायला हवा. दुकानदाराने लावला २२ कॅरेटचा, म्हणे मोडीला हाच भाव असतो. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के. कसाप्रमाणे वजन आधीच कमी केलेलं, त्यावर पुन्हा कमी कसाचा भाव. एकच तूट दोनदा कापली जात होती. हिशेबाने जवळजवळ ८५० मिलिग्रॅम सोनं. बहिणीने कागद मागून आकडेमोड केली म्हणून ते वाचलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगते: वजन शुद्ध सोन्याचं धरलंत ना, मग भाव कुठला लावताय, एवढं विचाराच.

दागिना आटवताना समोर उभं राहा. एक्सआरएफ यंत्र फक्त पृष्ठभागाजवळचं वाचतं, म्हणून कस लगडीचा तपासून घ्यावा. अलीकडच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असेल तर तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर पडताळता येतो. सक्तीचं हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलं, त्यामुळे आजीच्या पाटल्यांवर हा क्रमांक मिळणार नाही. त्या बीआयएसमान्य तपासणी केंद्रात नेऊन आधीच कस काढून आणावा. हातात तो कागद असला की दुकानात बोलणं बदलतं.

रोख रकमेला घट आणि बदलीत नवा दागिना घेतल्यास पूर्ण भाव, असं बरीच दुकानं सांगतात. पण बदलीत नव्या दागिन्याची घडणावळ आणि जीएसटी पुन्हा भरावा लागतो. पैसाच हवा असेल तर पैसाच घ्या, तोही बँक खात्यात, पावतीसह.

पावती करासाठीही लागते. २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या सोन्यावरच्या नफ्याला १२.५ टक्के कर आहे. वारशाने आलेल्या दागिन्यात आईने, आजीने तो सांभाळलेला काळही मोजला जातो आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या दागिन्याची त्या दिवशीची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते.

पैशाची गरज चार-सहा महिन्यांचीच असेल तर मोडण्याआधी सोनेतारणाचा विचार करायला हवा. पुढच्या आठवड्यात त्याचंच व्याज मांडून बघू.