बोलीवर विकलेले घोडे

१८७२ चा भारतीय करार कायदा वाचायला घेतला की त्यात जागोजागी घोडे भेटतात. कलम १७ मधला घोडा अधू आहे, विकणाऱ्याला ते ठाऊक आहे आणि लिलावात तो गप्प बसतो. कलम २० मधला घोडा सौदा होण्याआधीच मेलेला आहे आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. कलम २५ मधला हजाराचा घोडा मालक राजीखुशीने दहा रुपयांना देऊन टाकतो, कायदा त्याला अडवत नाही. कलम २९ मधला पांढरा घोडा 'पाचशेला किंवा हजाराला' विकला जातो. त्यातली किंमत कोणती हेच नक्की नाही, म्हणून तो करार निरर्थक ठरतो. ही सगळी उदाहरणं कायद्यातच छापलेली आहेत. कायदा करणाऱ्यांना घोडाच सुचावा यात नवल नाही. महागडं जनावर आणि तोंडी सौदा, म्हणजे वादाला दुसरं काय लागतं?

कॉलेजात ही उदाहरणं आम्ही पाठ केली. पुढे खानदेशात वकिली सुरू केल्यावर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आलेली माणसं समोर बसू लागली, तेव्हा कलमातले घोडे खिंकाळायला लागले.

पण आधी एक इंग्लंडमधला किस्सा. देशभरातल्या विधी महाविद्यालयांत तो शिकवतात, फक्त त्याची सुरुवात कुणी सांगत नाही. पॉल फेल्टहाउस हे लंडनचे बांधकाम व्यावसायिक. टॅमवर्थला राहणारा पुतण्या जॉन याचा घोडा घ्यायचं दोघांचं तोंडी ठरलं. काकांना वाटलं, भाव तीस पौंड. पुतण्याच्या मनात तीस गिनी. गिनीचं नाणं तोवर चलनातून गेलेलं होतं, पण घोड्यांचे भाव गिनीतच बोलले जायचे. न्यूमार्केटच्या लिलावात आजही बोलले जातात. पौंड वीस शिलिंगांचा, गिनी एकवीस. म्हणजे तीसच्या मागे तीस शिलिंगांचा फरक. पुतण्याने पत्र लिहून सांगितलं, काका, तुमचा गैरसमज झालाय. काकांनी फरक निम्मा वाटून घेतला आणि २ जानेवारी १८६२ ला उलट टपाली कळवलं की तीस पौंड पंधरा शिलिंग देतो, तुझ्याकडून काही आलं नाही तर घोडा माझा झाला असं धरून चालेन.

पुतण्याने उत्तर पाठवलं नाही. मात्र २५ फेब्रुवारीला त्याच्या शेतावरच्या जनावरांचा लिलाव होता, तेव्हा त्याने लिलावदार बिंडली यांना बजावलं की हा घोडा विकायचा नाही. बिंडली विसरले आणि घोडा तेहतीस पौंडांना गेला. काकांनी दावा लावला तो बिंडलींवर. आधी ज्यूरीने काकांच्या बाजूने तेहतीस पौंडांचा कौल दिला, पण कोर्ट ऑफ कॉमन प्लीजने तो फिरवला. न्यायमूर्ती विल्स यांचं म्हणणं असं की, तू बोलला नाहीस म्हणजे सौदा पक्का, असं एकट्याने ठरवून दुसऱ्यावर लादता येत नाही. १८६३ मध्ये वरच्या कोर्टातही हेच कायम राहिलं.

विद्यार्थी 'मौन म्हणजे संमती नव्हे' एवढं लिहून पुढे जातात. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. काका आणि पुतण्या दोघांनाही हा सौदा हवा होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. 'तीस' हा आकडा दोघांनी ऐकला, पण तीस काय, हे विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही. आता माणसाच्या शब्दाला किंमत राहिली नाही, असं बाजारात सर्रास ऐकू येतं. माझा अनुभव तसा नाही. माझ्याकडे आलेले बहुतेक जण आपापल्या शब्दाला जागणारेच होते. फक्त दोघांनी धरलेला शब्द वेगवेगळा होता.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली भाव होतो तो पाहण्यासारखा असतो. एकाच्या हातावर उपरणं टाकतात, दोघांचे पंजे आत जातात, चेहरे दोघांचेही कोरे. बाहेर फक्त कापड हलताना दिसतं. बोटं दाबून आकडा सांगायचा. पण बोटांनी तीन कळतात; तीन हजार, तीस हजार की तीन लाख, हे समोरचं जनावर पाहून समजून घ्यायचं. बैलाच्या बाबतीत सहसा चूक होत नाही. चांगल्या मारवाडी घोड्याची किंमत मात्र देखणेपणावर, चालीवर आणि हौसेवर चढते, तिथे अंदाज फसतो. म्हणून जाणता दलाल पंजे बाहेर आले की दोघांकडून पुरता आकडा आपल्या कानात बोलून घेतो.

दुसरा वाद जोखमीचा. संध्याकाळी सौदा ठरला, इसार दिला. घेणारा म्हणाला, "आजची रात्र तुमच्याच दावणीला राहू द्या, सकाळी रोख देऊन नेतो." रात्री घोड्याच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टर आले, पण पहाटेपर्यंत घोडा गेला. मेला तो कुणाचा घोडा? १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की सौदा तोंडीही चालतो. ठरावीक वस्तू तयार असेल आणि सौद्याला काही अट नसेल, तर पैसे आणि ताबा राहिले तरी मालकी ठरल्या क्षणी बदलते आणि मालकीबरोबर जोखीमही जाते. पण दोघांच्या मनात वेगळं असेल, तर ते आधी पाहायचं. इथे दोघेही त्याच एका वाक्यावर बोट ठेवत होते. विकणारा म्हणे, "त्यांचा घोडा मी रात्रभर सांभाळला." घेणारा म्हणे, "सकाळपर्यंत त्यांचाच, म्हणून तर त्यांच्या दावणीला ठेवला." कोर्टात काय झालं असतं, ते मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. बाजारातल्या जुन्या दलालांनी दोघांना बसवलं. इसार परत मागायचा नाही, उरलेले पैसेही मागायचे नाहीत, असं ठरलं आणि दोघांनी ते पाळलं.

व्यंगाच्या वादात मात्र एक नेमका प्रश्न घेणाऱ्याला वाचवू शकतो. कलम १७ मध्येच उदाहरण आहे: तुम्ही नाकारलं नाही तर घोडा निर्दोष समजतो, असं घेणाऱ्याने म्हणावं आणि समोरच्याने गप्प राहावं, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. काकांच्या पत्रावर पुतण्याला त्याच्या मौनाने बांधलं नाही, इथे मौन बांधतं. तरीही दात, खूर, डोळे बारकाईने तपासणारी माणसं हा प्रश्न विचारायला संकोचतात. समोरच्याचा अपमान होईल असं त्यांना वाटतं. हा संकोच फार महाग पडतो.

सगळ्यात अवघड गेला तो घोडीचा वाद. घोडीच्या अंगाला दोन महिन्यांचं शिंगरू होतं. सौदा ठरला, लगाम हातात आली, घोडी निघाली आणि विकणाऱ्याने शिंगरू खुंट्यालाच ठेवलं. घेणारे आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. "वकीलसाहेब, आई घेतली तर लेकरू मागे राहील का?" विकणाऱ्याचा जबाबही तितकाच सरळ होता. "भाव घोडीचा केला. शिंगराचं नाव तरी निघालं का?" नाव खरंच निघालं नव्हतं. दलाल तेव्हा दुसऱ्या सौद्यात गुंतलेला, साक्षीला कुणी नाही. तिकडे घोडीची कास ताठली होती, दोघांच्या भांडणासाठी ती थांबणार नव्हती. मी कलमं बाजूला ठेवून विचारलं, "आजच्या दुधाचं काय करायचं?" त्यावर दोघेही नरमले. शिंगरू आईबरोबर जावं, दूध तुटलं की विकणाऱ्याने ते न्यावं, असं ठरलं.

शिंगरू सहा महिन्यांचं झालं, विकणारा न्यायला आला. मधल्या चार महिन्यांच्या खुराकाचे पैसे कुणी द्यायचे हे ठरायचं राहून गेलं होतं. दोघेही त्याच दिवशी माझ्याकडे आले.