मोटर पाणी पिते तेव्हा

फिशटँकला हवा पुरवणारा पंप पाण्यात बुडालेला नसतो, तरी त्याला मारतं पाणीच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुरुस्तीच्या टेबलावर असे पंप ओळीने पडलेले असतात. वीज गेली, नळीतला हवेचा दाब संपला आणि टाकीखालच्या स्टँडमध्ये ठेवलेल्या पंपात पाणी सायफनने उलटं उतरलं. नळीत वीस रुपयांचा चेक व्हॉल्व्ह असता तर हे टळलं असतं, असं कारागीर सांगतो. वीस रुपयांचा हा हिशेब तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. बहुतेक जण मान डोलावतात.

मल्टीमीटर लावण्याआधी कारागीर पंप नाकाशी नेतो. शेवाळाचा ओला वास आला तर आशा असते. जळक्या वार्निशचा आला तर कॉइल गेलीच म्हणायची. ओला पंप ‘चालतोय का बघू’ म्हणून प्लगला लावणाऱ्यांनीच बहुधा तो वास आणलेला असतो.

खालचे स्क्रू निघाले की आतला संसार अगदी साधा. लोखंडी गाभ्यावर तांब्याची कॉइल, तिच्यासमोर चुंबक लावलेली दांडी, दांडीला रबरी पडदा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दांडी सेकंदाला ५० वेळा थरथरते आणि पडदा हवा ढकलतो. गाभ्यावरचा गंज खरवडला जातो, झडपांतली घाण निघते, चिरलेला पडदा बदलला जातो. समुद्री माशांच्या टाकीचा पंप असेल तर तो आधी गोड्या पाण्याने धुतात! मीठ आत राहिलं तर हवेतला ओलावा धरून तांबं खात बसतं. मग सावकाश वाळवण. हीटगन जवळ धरली तर रबर आणि प्लास्टिक वाकडं होतं. शेवटी मीटरवर दोन गोष्टी पाहायच्या: कॉइल अखंड हवी आणि तिचा गाभ्याशी संपर्क नको.

पाण्यात बुडवून ठेवायच्या मोटरची गोष्ट वेगळी. तिची कॉइल इपॉक्सीत ओतून बंद केलेली असते. त्या इपॉक्सीला तडा गेला की हा कारागीर पैसे नाकारतो, मोटरही नाकारतो. टाकीत हात घालणाऱ्याला २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. दुरुस्तीवर पोट असलेल्या माणसाचा हा नकार त्याच्या कसबाइतकाच मोलाचा आहे.

तेव्हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. ते जमत नसेल तर वीस रुपये खर्च करा, आणि व्हॉल्व्हवरचा बाण टाकीच्या दिशेला आहे ना, ते बघून घ्या.