ढगाची वाट पाहायला लावणारा खेळ

न्यू जर्सीत मावसभावाच्या तळघरात बसून मी एका ढगाची वाट पाहत होते. टीव्हीवर दोन बेटं होती, एक त्याचं, एक माझं. सोन्याच्या 3 लगडी मोजून मी शेत लावलं होतं. ढग सरकत सरकत आला आणि शेताच्या शिवेवरून वळून समुद्रात गेला. मी रत्नागिरीत वाढले. पावसाने दिलेली हुलकावणी मला नवी नाही. व्हिडिओ गेममध्ये मात्र ती पहिल्यांदाच भेटली.

खेळाचं नाव ‘यूटोपिया’. डॉन डॅगलो यांनी तो 1981 साली मॅटेलच्या इंटेलिव्हिजन या कन्सोलसाठी तयार केला. त्या काळी घरच्या टीव्हीवर खेळायचं म्हणजे बहुधा चेंडू टोलवायचा, नाहीतर गोळ्या झाडायच्या. डॅगलोंनी खेळाडूच्या हाती राज्यकारभार दिला. सुरुवातीला प्रत्येकाकडे 100 लगडी. कंट्रोलरच्या बटणांवर चित्रांची प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची, म्हणजे शाळेचं बटण कोणतं, रुग्णालयाचं कोणतं ते दिसतं. मासेमारीची होडी 25 लगडींना, कारखाना 40, रुग्णालय 75.

मी आधी दोन कारखाने उभारले. पैसा आला, पण माणसांच्या पोटाला काही नव्हतं. फेरी संपताच गुण घसरले आणि बेटावर बंडखोर उभे राहिले. पुढच्या डावात आधी होडी घेतली. माशांच्या थव्यावर ती धरून ठेवली की अन्नही मिळतं, लगडीही वाढतात. मात्र चाचे आले की होडी घेऊन पळावं लागतं. चक्रीवादळ तर उभं पीक नेतं. आपण विचार करत बसलो म्हणून ढग थांबत नाही, आणि याच गोष्टीने हा खेळ काळाच्या पुढे नेला. शहर वसवण्याचा प्रसिद्ध ‘सिमसिटी’ आला तो 1989 साली.

हे सगळं चालायचं जेमतेम दीड किलोबाइट रॅमवर. इतक्या अडचणीच्या जागेत काय ठेवायचं, काय गाळायचं, हे डॅगलोंना ठरवावंच लागलं असणार. त्यांनी अन्न, घर, शाळा, दवाखाना ठेवला आणि लोक सुखी असतील तरच गुण दिले. मला या खेळाचं मोठेपण तिथे दिसतं.

शेवटच्या फेरीत ढग माझ्या शेतावर आला. लगडींचा आकडा चढू लागला, आणि मी, कोकणातली बाई, पाऊस पडला म्हणून टाळ्या पिटत होते.