अमूर्त चित्रकला : मुंबईतील विकास आणि आस्वादाचा प्रश्न

प्रस्तावना :

चित्रप्रदर्शनात अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘यात काय आहे?’ उत्तर सापडले नाही की तो पुढील चित्राकडे वळतो. हा प्रेक्षक अनभिज्ञ असतोच असे नाही. नाटक, साहित्य व संगीत यांची उत्तम जाण असलेली, महाविद्यालयात अध्यापन करणारी व्यक्तीही अमूर्त चित्रासमोर संकोचते आणि ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे म्हणून विषय संपविते. दुसऱ्या बाजूला, १९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईतील ताजमहाल पॅलेस हॉटेलात क्रिस्टीज या संस्थेचा भारतातील पहिला लिलाव झाला आणि त्यात वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ सालचे शीर्षकविरहित चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. गिरगावातील चाळीत वाढलेल्या एका मराठी चित्रकाराच्या चित्राची किंमत त्यामुळे सर्वतोमुखी झाली. परंतु त्या चित्राकडे कसे पाहावे, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

प्रस्तुत लेखात अमूर्त चित्रकलेची संकल्पना, तिचा पाश्चात्त्य जगातील व मुंबईतील विकास आणि तिच्या आस्वादासाठी मराठी रसिकाजवळ मुळातच असलेली साधने यांचा विचार केला आहे. ही साधने मराठी रसिकाच्या परिचयाची आहेत. केवळ चित्राच्या संदर्भात ती वापरली गेलेली नाहीत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अमूर्त कला : संकल्पना

‘अमूर्त’ या एकाच शब्दाने मराठीत दोन भिन्न गोष्टींचा निर्देश केला जातो. पहिल्या प्रकारात चित्रकार एखाद्या दृश्य वस्तूपासून आरंभ करतो आणि तिचे तपशील क्रमाक्रमाने वगळत जातो. झाड, घर वा डोंगर यांचा केवळ सारभूत आकार शिल्लक राहतो. याला अमूर्तीकरण म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात आरंभीही कोणतीच वस्तू नसते. रंग, रेषा, आकार, पोत व अवकाश हेच चित्राचे द्रव्य आणि त्यांचे परस्परसंबंध हाच चित्राचा आशय असतो. अशा चित्राला वस्तुनिरपेक्ष चित्र म्हणणे अधिक योग्य ठरेल. गायतोंडे यांनाही स्वतःच्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द अधिक मान्य होता. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर प्रेक्षक दुसऱ्या प्रकारच्या चित्रात पहिल्या प्रकारची लपलेली वस्तू शोधत बसतो आणि ती न सापडल्याने निराश होतो.

जागतिक पार्श्वभूमी :

१८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि दृश्य जगाची हुबेहूब नोंद करण्याचे चित्रकाराचे काम यंत्राने हाती घेतले. पुढे १८७४ मधील दृक्प्रत्ययवाद्यांच्या पहिल्या प्रदर्शनापासून वस्तूपेक्षा तिच्यावरील प्रकाशाला महत्त्व आले. सेझानने निसर्गातील घनाकारांची रचना शोधली, तर पिकासो व ब्राक यांच्या घनवादाने वस्तूचे विघटन केले. या मालिकेतील पुढचे पाऊल म्हणजे वस्तूचाच त्याग होय. स्वीडनमधील हिल्मा अ‍ॅफ क्लिंट हिने १९०६ पासूनच अशी चित्रे काढली होती, परंतु ती दीर्घकाळ अप्रकाशित राहिली. वासिली कँडिन्स्की याने १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रंगांचा मनावर होणारा परिणाम स्वरांच्या परिणामाशी ताडून पाहिला. मालेविच याचा ‘काळा चौकोन’ १९१५ मध्ये प्रदर्शित झाला.

भारताला या घडामोडींचा परिचय फार उशिरा झाला असे नाही. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्ता येथे भरलेल्या प्रदर्शनात जर्मनीतील बाउहाउस संस्थेशी संबंधित कँडिन्स्की व पॉल क्ली यांच्या कलाकृती मांडण्यात आल्या होत्या. मुंबईत मात्र हे वारे रुजण्यास आणखी दोन दशके लागली.

मुंबईतील वाटचाल :

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रदीर्घ काळ युरोपीय वास्तववादी पद्धतीचे शिक्षण दिले जात होते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात चार्ल्स जेरार्ड यांच्या कारकिर्दीत तेथे आधुनिक प्रवाहांना वाव मिळू लागला. याच सुमारास नाझी राजवटीच्या काळात युरोपातून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्या सहवासात तरुण चित्रकारांना आधुनिक युरोपीय कलेचा जवळून परिचय झाला. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. या गटाचे बहुतेक चित्रकार आकृतिप्रधान होते. परंतु रंग व रचना यांच्या स्वायत्ततेचा त्यांनी धरलेला आग्रह पुढील अमूर्त चित्रकारांस उपकारक ठरला.

१९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली आणि चित्रकारांना हक्काचे प्रदर्शनस्थान मिळाले. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई यांच्या नावाच्या संस्थेत चित्रकार, नर्तक, संगीतकार व नाट्यकर्मी एकाच वास्तूत काम करीत. गायतोंडे यांची चित्रशाळा तेथेच होती आणि नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांनाही तेथेच त्यांचे मार्गदर्शन लाभले. मोहमदी यांनी पुढे शाई व पेन्सिलीच्या काटेकोर रेषांतून अमूर्ततेची अगदी वेगळी वाट शोधली. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे आणि ‘कोरा कॅनव्हास’ या ग्रंथाचे लेखक प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) या दोघांनी विणकर सेवा केंद्रात काम केले. शंकर पळशीकर (१९१७–१९८४) यांनी जे. जे. मध्ये अध्यापन करताना भारतीय तत्त्वचिंतनाची जोड अमूर्त रचनेला दिली, तर त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांनी १९७२ ते १९९४ या काळात तेथेच अध्यापन करून आणि मराठीतून लेखन करून ही परंपरा पुढे नेली.

गायतोंडे : चित्र एक प्रक्रिया

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी १९४८ मध्ये जे. जे. मधून पदविका घेतली. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत भारतीय लघुचित्रांचा व नंतर पॉल क्ली याचा प्रभाव दिसतो. म्हणजे त्यांचाही प्रवास मानवाकृतीपासूनच सुरू झाला. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७२ मध्ये दिल्लीत स्थायिक झाले. झेन विचारांचे त्यांना विशेष आकर्षण होते.

त्यांची चित्रपद्धती समजून घेतल्यास अमूर्त चित्राविषयीचा एक गैरसमज दूर होतो. रोलर व पॅलेट नाइफ यांच्या साहाय्याने ते कॅनव्हासवर पातळ रंगाचे थर चढवीत आणि काही ठिकाणी खरवडून काढीत. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून व उचलून ते पृष्ठभागावर आकार उमटवीत. प्रत्यक्ष कामापूर्वी दीर्घ काळ स्वस्थ बसून राहणे, हा या पद्धतीचाच भाग होता. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. ‘असे चित्र तर लहान मूलही काढील’ हा आक्षेप या संयमापुढे टिकत नाही. मुलाच्या रेघोट्यांत उत्स्फूर्तता असते. परंतु कोणता थर ठेवावा, कोणता पुसावा आणि कोठे थांबावे, याचा निर्णय तेथे नसतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४–१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले.

‘काय आहे?’ या प्रश्नाचे मूळ :

मराठी प्रेक्षक चित्रात वस्तू का शोधतो, याला ऐतिहासिक कारण आहे. विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गीय घरात चित्र आले ते प्रामुख्याने मुद्रित स्वरूपात, म्हणजे देवदेवतांच्या तसबिरी, दिनदर्शिका आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे यांच्या रूपाने. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या कुंचल्याने कित्येक पिढ्यांची दृश्य अभिरुची घडविली. या चित्रांचे मोल निर्विवाद आहे. मात्र ती बहुधा कथेच्या, पुराणाच्या वा व्यक्तिरेखेच्या सोबतीने येत. त्यामुळे चित्र म्हणजे शब्दांत सांगता येईल अशा आशयाचे दृश्य रूप, ही समजूत दृढ झाली.

अमूर्त कला परकीय आहे, असाही आक्षेप घेतला जातो. परंतु तैलरंग, कॅनव्हास व यथार्थदर्शन यांवर आधारलेली वास्तववादी पद्धतीही वासाहतिक काळातील कलाशिक्षणातूनच येथे रुजली. याउलट अंगणातील ठिपक्यांची रांगोळी हुबेहूबपणाच्या कल्पनेवर कधीच अवलंबून नव्हती. परळ-लालबागच्या चित्रशाळांत गणेशाच्या सर्वांगपरिपूर्ण मूर्ती घडतात. त्याच भागातील घराघरांत पूजेच्या आरंभी तांदळावर ठेवलेली सुपारीही गणपतीच मानली जाते. देवीचा तांदळा अवयवहीन असूनही भाविकाला अपुरा वाटत नाही. अर्थात, सुपारी हे प्रतीक आहे आणि आवाहनाने तिला देवत्व प्राप्त होते. वस्तुनिरपेक्ष चित्र कशाचेही प्रतीक नसते. म्हणून ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवी. तिच्यातून एवढेच सिद्ध होते की, हुबेहूब आकाराचा अभाव मराठी मनाला मुळीच अपरिचित नाही.

आस्वादाची साधने :

अधिक जवळची तुलना संगीताशी आहे. ऑपेरा हाऊसजवळच्या प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीतविद्यालयात कुमार गंधर्व घडले. गिरगाव आणि दादर येथील श्रोत्यांनी ख्यालगायनाला पिढ्यान्‌पिढ्या दाद दिली. यमनचा आलाप ऐकताना ‘यात काय आहे?’ असे कोणी विचारीत नाही. तराण्यातील अक्षरांना कोशगत अर्थ नसतो, तरी श्रोता डोलतो. तो स्वरांचे जवळ येणे, दुरावणे, ताणले जाणे व समेवर येणे अनुभवतो. हीच वृत्ती डोळ्यांनी बाळगणे म्हणजे अमूर्त चित्र पाहणे होय.

या अनुभवाची परिभाषाही मराठीत सिद्ध आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीतील संवेदनांची संघटना लयतत्त्वाने होते, असे मांडले आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन रूपे सांगितली. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात या भूमिकेची साक्षेपी चिकित्सा केली. मराठीच्या वर्गांत हे सिद्धान्त प्रामुख्याने साहित्याच्या संदर्भात शिकविले जातात. वस्तुतः ते रंग-रेषांना अधिक सहजतेने लागू पडतात. गायतोंडे यांच्या शैलीतील एखादे चित्र घ्यावे. विस्तीर्ण पिवळसर प्रतलात त्याच रंगाच्या गडद छटा मिसळतात, हा संवाद. मध्येच उमटलेला काळसर, खडबडीत आकार त्या प्रतलाला छेद देतो, हा विरोध. त्या लहान आकाराचे दृश्य वजन आणि भोवतालच्या रिकाम्या अवकाशाचे वजन एकमेकांस तोलून धरतात, हा समतोल. अशा रीतीने पाहू लागताच ‘यात काय आहे?’ या प्रश्नाची जागा ‘येथे काय घडते आहे?’ हा प्रश्न घेतो आणि त्याचे उत्तर चित्रातच मिळते.

मर्यादा :

अमूर्त कलेचा पुरस्कार करताना तिच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे जीवन उद्ध्वस्त झाले. त्या परिवर्तनाचे चित्रण सुधीर पटवर्धन यांच्या ‘लोअर परळ’ (२००१) सारख्या आकृतिप्रधान चित्रातून ज्या नेमकेपणाने होते, ते वस्तुनिरपेक्ष चित्राचे कार्य नव्हे. विशिष्ट माणसे, विशिष्ट स्थळे व विशिष्ट अन्याय यांविषयी ते बोलू शकत नाही. शिवाय, दुरूहतेच्या आडोशाने निकृष्ट कामही खपून जाऊ शकते. परंतु चांगले व वाईट यांचा विवेक करण्यासाठीही पाहण्याची सवय आवश्यकच ठरते. ती नसल्यास गुणवत्तेचा निकष म्हणून लिलावातील आकडा तेवढा उरतो.

समारोप :

अमूर्त चित्रकला वस्तूच्या त्यागातून जन्मली. मात्र तिचे आकर्षण रंग, रेषा व अवकाश यांच्या परस्परसंबंधांत आहे. मुंबईतील मराठी चित्रकारांचा या कलेच्या विकासात मोलाचा वाटा आहे आणि मराठी सौंदर्यशास्त्राने तिच्या आस्वादाची परिभाषाही घडविली आहे. या दोहोंची गाठ महाविद्यालयीन अध्यापनात क्वचितच पडते, ही खेदाची बाब होय. करी रोडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस केवळ पाच स्थानके दूर आहे. तेथून पुढे काळा घोडा परिसरात जहांगीर आर्ट गॅलरी, १९९६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकोल्सन संग्रहाचे दालन ही तिन्ही स्थळे हाकेच्या अंतरावर आहेत. मर्ढेकरांचे लयतत्त्व शिकविणाऱ्या अध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना एकदा तेथे न्यावे, एकाच चित्रासमोर दहा मिनिटे शांतपणे उभे करावे आणि संवाद, विरोध व समतोल कोठे जाणवतात एवढेच विचारावे. विद्यार्थ्यांची उत्तरे भिन्न येतील, परंतु प्रत्येक उत्तर पाहण्यातून आलेले असेल. अमूर्त कलेच्या आस्वादाची सुरुवात तेथूनच होते.