जळालेले दप्तर, उरलेली प्रत

अमेरिकेतील 'काउंटी' म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक. व्हर्जिनिया राज्यात जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे व विवाहनोंदी काउंटीच्या न्यायालयातील लिपिकाकडे राहतात. त्यामुळे न्यायालयाला आग लागली, की परिसराचा इतिहासच धोक्यात येतो.

ॲपोमॅटॉक्स या ग्रामीण काउंटीने हे अनुभवले. ९ एप्रिल १८६५ रोजी येथे जनरल ली यांनी जनरल ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. तीही न्यायालयात नव्हे, मॅक्लीन यांच्या घरी. पुढे १८९२ मध्ये न्यायालय जळाले आणि बहुतेक दप्तर नष्ट झाले. १८४५ मध्ये ज्या काउंट्यांचे भाग तोडून ही काउंटी निर्माण झाली, त्यांपैकी बकिंगहॅमचे दप्तरही १८६९ मध्येच आगीत गेले होते.

गुलामांची नावे अनेकदा केवळ मालकाच्या मृत्युपत्रात किंवा मालमत्तेच्या यादीत आढळत. साहजिकच पूर्वज शोधणाऱ्या त्यांच्या वंशजांची हानी सर्वांत मोठी. जमीन-कराच्या याद्या मात्र वाचल्या. कारण त्यांची एक प्रत राजधानी रिचमंडला पाठविली जात असे.

१९६० च्या दशकात न्यायालयाची इमारत पुन्हा उभारण्यात आली. कागद परतले नाहीत. दप्तर टिकवायचे, तर त्याची दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली हवी, हाच याचा बोध.