सदतीस, पण गरम

पहाटे साडेपाच. ग्रेटर नोएडात जानेवारीचं धुकं, बाहेर ८ अंश. भाच्याची ऑक्टाव्हिया आरएस रात्रभर उघड्यावर होती, म्हणजे टायर खरोखर थंड. गेज लावलं तर चारही चाकांत हवा ३१ पीएसआय. "मामा, काल पंपावर ३५ भरली होती!" भरली असेल, पण धावून तापलेल्या टायरात, आणि पंपाच्या गेजवर. आमचं गेजही थोडं चुकत असेल. पण दिवसभर एकाच गेजने मोजलं की चूक सगळीकडे सारखी.

आठ. बुद्ध सर्किटवर धुकं उठण्याची वाट. डिकी रिकामी केली, चाकांचे बोल्ट आवळले. टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी बुटांचं पांढरं पॉलिश फासलं. शेजारचे गृहस्थ हसले. हसू देत.

सव्वानऊ. पहिलं सत्र. ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं. २०११ ते २०१३ इथे फॉर्म्युला वन धावली. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने, त्यामुळे भार डाव्या अंगावर. त्यात दहा-अकराचं ते लांबलचक उजवं वळण संपता संपत नाही. पुढच्या डाव्या टायरचं तिथे पिठलं होतं.

नऊ चाळीस. "मामा, शेवटी शेवटी वळतच नव्हती. स्टिअरिंग वळवतोय आणि ही आपली सरळ!" हँडब्रेक ओढू नकोस म्हणालो आणि गुडघ्यावर बसलो. इथे घाई हवी. गप्पा मारत बसलं की आकडा उतरतो. व्हॉल्व्हची टोपी बोटांना चटका देत होती. पुढचं डावं ४१. पुढचं उजवं ३८. मागची दोन्ही ३६. डाव्या टायरवरचं पॉलिश कडेच्या छोट्या त्रिकोणाच्या बोटभर वरपर्यंत शाबूत; पुसायला हवं होतं त्रिकोणापर्यंत. टायर फुगून मधल्या पट्ट्यावर चालला होता, खांदा कामालाच लागला नव्हता. पुढची दोन्ही ३७ वर आणली. मागे उलट भर घातली, ३८: पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीची शेपूट जरा सैल झाली की नाक वळतं.

साडेदहा. दुसरं सत्र. पॉलिश त्रिकोणापर्यंत पुसलेलं. भाचा काही बोलला नाही, नुसता हसत उतरला.

दीड. पराठे. ऊन २२ अंशांचं. भाच्याने गुपचूप गेज लावलं आणि धावत आला: "डाव्यात ३० च आहे, भरू?" अजिबात नाही. हवा गेली कुठे नाही, निवली. तीच हवा पहाटेच्या ८ अंशांना २८ दाखवेल आणि ट्रॅकवर पुन्हा ३७. आत्ता भरली तर सकाळचंच रडगाणं. आपल्याकडे अंगठ्याने टायर दाबून "बरोबर आहे साहेब" म्हणणारे पंक्चरवाले आठवले. निदान ते आकड्याला फसत नाहीत.

पाच. सत्रं संपली, पण काम नाही. या हवेवर घरी जायचं नाही. टायर निवू दिले, मग पेट्रोलच्या झाकणाआडच्या स्टिकरप्रमाणे भरली. एक टोपी सापडेना. भाचा बॅटरी घेऊन डांबरावर शोधत असताना मी वहीत लिहिलं: थंड, ८ अंश. पुढचं डावं २८, उजवं ३०, मागची ३३.

"आणि मेमध्ये आलो तर?"

"तर हे पान उपयोगाचं नाही. टोपी बघ आधी."